निळी हाडं

नाल्यात जेसीबी उतरला त्या दिवशी अर्धं गाव काठावर जमलं होतं. नाला खोलीकरण मंजूर होऊन बरीच वर्षं झाली होती, इतकी की मंजूर करणारा साहेबही रिटायर झाला होता. त्यामुळे यंत्र खरंच आलंय का हे पाहायला म्हातारी माणसंसुद्धा काठ्या टेकत आली. काठाला लागूनच बौद्ध वस्तीची दफनभूमी. विक्की नावाच्या ड्रायव्हरला काठ सोडून खोद म्हणून बजावलं होतं आणि त्यानं काठ सोडलाही होता. पण खालून गाळ निघाला तशी वरची काळी माती आपसूक घसरली, आणि एक जुनी कबर सिमेंटच्या पाटीसकट नाल्यात आली. पाटीवरची अक्षरं अजून वाचता येत होती. उज्ज्वला उकंडा भगत.

मोनालीला फोन आला तेव्हा ती घाटंजीच्या कृषी केंद्रात एका गिऱ्हाइकाला खताच्या बॅगा काढून देत होती. उज्ज्वला तिची माय. मोनाली जन्मली आणि तिसऱ्या दिवशी माय गेली; रक्त थांबलं नाही, दवाखाना लांब, असं तिला लहानपणापासून सांगितलेलं. त्यानंतर सहा महिन्यांनी बाबांनी दुसरं लग्न केलं. ती प्रभावती. मोनाली तिलाच आई म्हणायची, आणि म्हणताना तिची जीभ कधी अडखळली नाही. दुकानाच्या मालकाला सांगून ती मिळेल त्या ऑटोनं गावाकडे निघाली.

ती पोचली तोवर लोकांनी हाडं गोळा करून, गाळ धुऊन, एका ताडपत्रीवर ठेवली होती. मोनालीनं मन घट्ट करून पाहिलं. घाबरण्यासारखं काही नव्हतं. मळकट पांढरी हाडं, काहींवर साखरेसारखे बारीक खडे चिकटलेले. एवढीशीच होती का माय, असं तिच्या मनात आलं आणि तिला रडू फुटलं. बाबा जवळच उकिडवे बसले होते. ते नाल्याकडे बघत होते, जेसीबीकडे बघत होते, फक्त ताडपत्रीकडे बघत नव्हते. मायचा भाऊ राजदीप उमरखेडहून येईपर्यंत कोणी कशाला हात लावायचा नाही, असं ठरलं.

राजदीपमामाला यायला दुपार झाली. हाडं तोवर उन्हातच होती. काठावर बसलेल्या बायांपैकी कोणाच्या तरी आधी लक्षात आलं, आणि मग सगळेच उठून उभे राहिले. हाडं निळी पडत होती. हाताच्या मनगटाची आणि पायाच्या घोट्याची तर चांगलीच निळी, शाई सांडावी तशी.

"ताडपत्रीचा रंग लागला असन," एक म्हातारा म्हणाला. ताडपत्री निळीच होती, त्यामुळे सगळ्यांना जरा हायसं वाटलं. हाडं उचलून पांढऱ्या धोतरावर ठेवली. पण रंग काही जाईना. उलट पाहता पाहता गडद होत गेला. नेमका तेव्हाच मामा गर्दीतून वाट काढत पुढे आला.

त्यानं एकदा हाडांकडे पाहिलं, एकदा बाबांकडे. "जहर हाय हे," तो म्हणाला. मग ओरडला, "जहर देल्लं माह्या बहिनीले!"

विषानं गेलेल्या माणसाचं अंग निळं पडतं, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगतं. त्याला पुरावा कोणी मागत नाही. आणि हाडापर्यंत निळं गेलं म्हणजे विष केवढं जालीम असेल, हा हिशोब काठावरच्या प्रत्येकानं आपापल्या डोक्यात करून टाकला. सव्वीस वर्षं जिला बाळंतपणात गेली म्हणत होते, ती पाच मिनिटांत विष देऊन मारलेली ठरली.

"अन् सहा महिन्यात दुसरी आनली," मामा म्हणाला. "आमी म्हनलं, लेकरू लहान हाय, आनू द्या. आमाले काय ठाव!"

"मी तिले जहर नाई देल्लं, राजदीप," बाबा म्हणाले.

"मंग हे काय हाय? सांगा न, काय हाय हे?"

बाबांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही.

मोनालीला पहिला धसका बसला तो इथे. हाडं निळी पडली म्हणून नाही; बाबा गप्प बसले म्हणून. उकंडा भगत गप्प बसणारा माणूस नव्हेच. तिठ्यावर कोणी उतारा टाकला तर त्यातलं लिंबू उचलून आणून घरी सरबत करणारा आणि तो पेला गावासमोर पिणारा माणूस. दर पौर्णिमेला विहारात उभं राहून सांगायचा, "भूत असन त आना माह्यासमोर, त्याले कापूस वेचाले रोजीनं लावतो." स्वतःच्या नावाचीही थट्टा करायचा. त्याच्या आधीची चार भावंडं दगावली होती, म्हणून आईनं त्याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून परत उचललं आणि नाव उकंडा ठेवलं, म्हणजे मरणाला वाटावं हा कचराच आहे. "मरन एवढं मूर्ख असते काय, बावा?" असं विचारून तो हसायचा आणि सगळ्यांना हसवायचा. अशा माणसाला कोणी भर गावात खुनी म्हणालं, आणि तो एका वाक्यात संपला.

"दोन दिस थांबा, मामा," मोनाली म्हणाली. कशासाठी थांबा, हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं.

"दोन दिस," मामा म्हणाला. "तुह्या तोंडाकडे पाहून. मंग ठान्यात जातो. तुह्या बापाले बेड्या पडल्याबिगर मी उमरखेडले वापस जात नाई." तो वस्तीतल्या एका नातेवाइकाकडे उतरला. हाडं धोतरात गुंडाळून विहारात ठेवली. त्याआधी मोनालीनं सगळ्यांदेखत एक नखाएवढा निळा तुकडा उचलून पर्समधल्या माती परीक्षणाच्या पिशवीत टाकला. कोणी हटकलं नाही. लेकच ती.

संध्याकाळी प्रभावतीनं तिला ताट वाढलं. वरण, भाकर, वांग्याची भाजी. मोनालीनं घास मोडला आणि हात तसाच राहिला. तिचं कामच औषधं विकायचं. त्या काळात घरोघरी कोणती फवारणीची औषधं असायची, कोणत्याला वास यायचा, कोणतं चहात घातलं तरी कळणार नाही, हे तिला पाठ होतं, आणि ती सगळी नावं एकामागून एक डोक्यात येत होती. तिला स्वतःची किळस आली. तरीही घास उचलवेना.

प्रभावती तिच्याकडे बघत होती. तिनं मोनालीच्या ताटातली भाकर मोडली, वरणात बुडवली आणि स्वतः खाल्ली. मग भाजीतलं थोडं खाल्लं. मग ताट पुन्हा मोनालीकडे सरकवलं.

"जेव आता," ती म्हणाली.

मोनाली जेवली. घशाखाली उतरणाऱ्या प्रत्येक घासाला तिला लाज वाटत होती, आणि तरी ती जेवली. बाबा ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. ते जेवायला आलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी ती पहिल्या गाडीनं यवतमाळला गेली. बी.एस्सी.ला असताना तिला भूशास्त्र शिकवणाऱ्या अर्पिता मॅडम अजून त्याच कॉलेजात होत्या. दगडधोंड्यांचं वेड असलेली बाई. गाडीतून जाताना खदान दिसली की गाडी थांबवणारी. मोनालीनं काहीच न सांगता पिशवी पुढे केली. तिला आधी खरं उत्तर हवं होतं.

मॅडमनी तुकडा काचेवर घेतला. वरच्या खड्यावर नखानं ओरखडा काढला, तो सहज उमटला. मग सूक्ष्मदर्शकाखाली धरला, एका कोपऱ्यावर ॲसिडचा थेंब टाकून पाहिला आणि कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढलं. त्या पानं भराभर उलटू लागल्या.

"कुठं मिळालं ग हे? निघालं तेव्हा पांढरं होतं ना? आणि उजेडात आल्यावर निळं झालं?"

"हो."

"व्हिव्हियनाइट! अगं, मी पंचवीस वर्षं हे फक्त पुस्तकात दाखवतेय पोरांना. आपल्या जिल्ह्यात!"

"मॅडम, ते माझ्या मायचं हाड आहे."

मॅडम पुस्तक मिटून खुर्चीत बसल्या. मग मोनालीनं सगळं सांगितलं, मामाच्या बेड्यांपर्यंत.

"विषानं हाड निळं पडत नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "हे आधी डोक्यात पक्कं कर. हा रंग हाडाचा नाहीच. हाडावर एक खनिज वाढलंय, त्याचा आहे. हाडात फॉस्फेट असतं."

"स्फुरद," मोनाली म्हणाली. रोज बॅगांवर वाचायची ती.

"तेच. हाड ओल्या मातीत राहिलं की ते स्फुरद हळूहळू सुटतं. जवळ लोखंड असेल, तेही पाण्यात विरघळतं. दोघं एकत्र येतात आणि खडा तयार होतो. येताना पाणीही सोबत घेतात. नुसतं ओलं नाही ग, खड्याच्या आतच बांधलेलं पाणी. त्यातही अट अशी की हवा लागता कामा नये. हवा असती तर लोखंड नुसतं गंजलं असतं. तुमच्याकडे पाणी तुंबतं का त्या जागी?"

"खाली बंधारा बांधला. तेव्हापासून काठ बारमाही ओला असतो."

"मग झालं. चिकण काळी माती, वर पाणी, आत हवा नाही. जमिनीत असेतो ते पांढरंच राहतं. बाहेर आलं, उजेड-वारा लागला, की आतलं लोखंड बदलतं आणि निळं दिसायला लागतं. अजून काही दिवसांनी काळपट होईल. तुझ्या मायला कोणी काही केलेलं नाही."

मोनालीनं टेबलावर डोकं टेकलं आणि ती मोठमोठ्यानं रडली. बाहेर व्हरांड्यात पोरं थबकली. रडता रडता तिला हसू यायला लागलं, कारण काल संध्याकाळचं ताट आठवलं, आणि घरी जाऊन आईच्या पाया पडायचं तिनं मनात ठरवून टाकलं. तिथूनच तिनं मामाला फोन लावून मॅडमच्या हातात दिला. मॅडमनी पुन्हा सगळं सांगितलं, सावकाश, दोनदा. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

ती निघायला उठली तेव्हा मॅडम तुकड्याकडे बघत म्हणाल्या, "एक मात्र कळत नाही. लोखंड आपल्या मातीत असतंच, पण एवढे मोठे खडे व्हायला बरंच लागतं. इथं बघ, हा तांबूस डाग. गंज आहे हा. शवपेटी होती का? खिळ्यांची?"

"नाही. कापडातच पुरलं होतं."

"कुठली हाडं जास्त निळी आहेत?"

"मनगटं," मोनाली म्हणाली. "आणि घोटे."

"मग तिथंच जवळ काहीतरी लोखंडी असणार," मॅडम सहज म्हणाल्या आणि तुकडा परत पिशवीत घालून दिला.

गाडीत तिला खिडकीजवळची जागा मिळाली. आनंदानं घरी जावं असा दिवस होता, आणि अर्ध्या वाटेपर्यंत ती आनंदात होतीही. मग मनगटं आणि घोटे हे दोन शब्द डोक्यात फिरायला लागले, ते थांबेनात. बाबा ताडपत्रीकडे का बघत नव्हते, हे कोडं मॅडमच्या उत्तरानं सुटलेलं नव्हतं. फाट्यावर उतरून ती घराकडे वळली नाही, नाल्याकडे गेली.

जेसीबी बंद उभा होता, आसपास कोणी नव्हतं. मजुरांचं एक फावडं मातीत रोवलेलं होतं, ते तिनं उपसलं. दरडीत जिथून कबर सुटली तिथे काळ्या मातीत एक तांबूस रेघ दिसत होती. तिथे दोन घाव घातले आणि फावडं खणकन वाजलं. बोटाएवढा जाड खिळा, गंजून फुगलेला, उभा ठोकलेला. हातभर अंतरावर दुसरा. उरलेले दोन घसरलेल्या मातीत मिळाले. दोन हातांचे, दोन पायांचे.

तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. ओली बाळंतीण मेली तर ती लेकराच्या ओढीनं परत येते, हडळ होऊन येते, म्हणून तिला जमिनीला खिळून टाकायचं. ही रीत जुन्या बायांच्या तोंडी तिनं ऐकली होती, आणि त्या रीतीबद्दल सगळ्यांत जास्त ऐकलं होतं ते बाबांकडूनच, विहारात, तावातावानं. हा बाईचा मेल्यानंतरचा अपमान आहे, असं ते म्हणायचे. मोनालीनं एकेका खिळ्याची माती पुसली. मग खिळे ओढणीत बांधून घरी निघाली.

घरात चहा चालला होता. मामा प्रभावतीच्या हातचा कप घेऊन बसला होता, डोळे सुजलेले. "मले माफ करा, भाऊजी," तो म्हणत होता. "मती फिरली माही. बहीन म्हनून फिरली. उद्या आपन तिले नीट ठेवू. बुद्धवंदना तुमीच घ्या." बाबा हं म्हणत होते आणि चहात बघत होते.

मोनालीनं ओढणी सोडली. खिळे फरशीवर वाजले.

मामाला आधी कळलं नाही. प्रभावतीला कळलं, तिनं तोंडाला पदर लावला. तिला हे ठाऊक नव्हतं, हे मोनालीला त्या पदरावरून समजलं.

"हे कोनं ठोकले, बाबा?"

आता हा माणूस आज्जीचं नाव सांगेल, गावातल्या कोणा म्हातारीचं सांगेल, अशी तिला आशा होती. ती सगळी मेलेली माणसं होती, कोणावरही ढकलता आलं असतं.

"म्या ठोकले," बाबा म्हणाले. "तू दूध धरत नव्हती. सारखी रडे. अंगात ताप. मान्सं म्हनत, माय बलावून राह्यली लेकराले, नेल्याबिगर राहत नाई. थे गेल्यावर तिसरे दिशी तुहे डोये पांढरे झाले. सकाळी म्या विहारात वंदना घेतली, अन् दिवस बुडता बुडता हातोडा घेऊन गेलतो. एकटाच. माती उकरली..."

"मंग काल सांगतलं काहून नाई? मामा बेड्या घालाले निंगाला होता तुमाले!"

"थो जहर म्हने. थे खोटं होतं," बाबा म्हणाले. "खोट्याले मी नाई भेत, बेटा. खोट्यापायी जेलात गेलो असतो. हे खरं होतं."

मामानं कप खाली ठेवला. त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच तो ऐकवत नव्हता. "तुमी तिले भेले? उज्ज्वलाले? कोंबडीचं पिल्लू मेलं तरी दिसभर जेवत नव्हती थे. तिले भेले तुमी?"

बाबा मोनालीकडे वळले. हा माणूस एवढा म्हातारा आहे, हे तिनं आजवर पाहिलंच नव्हतं. "तुह्यासाठी केलं, मोना. तिनं तुले न्यू नये म्हनून. त्या दिसानंतर तू दूध प्यायली. म्हनून मंग म्या उपटले नाई. रोज वाटे जावं, उपटावं. पन तू हसून राह्यलती, खेळून राह्यलती. मले हिंमत नाई झाली."

आईसमोर मायची गोष्ट कधी काढायची नाही, असं मोनालीनं ठरवलेलं होतं, कारण जिनं वाढवलं तिला ती लागली असती. तिनं प्रभावतीकडे पाहिलं. प्रभावतीनं पदर तोंडावरून काढला आणि मान हलवली, बोल म्हणून.

"लहानपनी मी दाराकडे तोंड करून निजत होती, बाबा," मोनाली म्हणाली. "तुमी म्हनत, मेलेलं मानूस येत नसते. मले पटे. तरी मी वाट पाह्यत होती, रोज. मी म्हनो, दुसऱ्यायच्या माया सपनात तरी येतात. माही कधी सपनातबी आली नाई. मले वाटे, मी झाल्यानं थे मेली, म्हनून तिले माहा राग हाय. आतालोक, हे खिळे दिसेपर्यंत, मले तेच वाटत होतं."